राजाक्काचं न मरणारं बोकड

चातुर्मास लागला की निपाणीच्या बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, बायका एकेक नेम घ्यायच्या. चार महिने कुणी दोडका सोडायचं, कुणी पडवळ. "मी ह्या वर्षी दोडका सोडला" असं कुणी येऊन सांगितलं की राजाक्का आधी तोंड भरून कौतुक करायची आणि मग हळूच विचारायची, "आवडतो का गं तुला दोडका?"

समोरची बाई गडबडायची. "तसा फार न्हाय आवडत..."

"मग सोडलास काय त्यात? त्येनंच तुला सोडलं म्हण की! नेम घ्यायचा तर जीव कळवळंल असा घ्यावा."

बायका हसायच्या, पण मनातून चिडायच्याही. राजाक्काला त्याची फिकीर नव्हती. खरं बोलायला ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही, आणि खोटं बोलायचं तिला जमायचंच नाही. या दोन गोष्टी एका माणसात असल्या की त्याला पुढं काय भोगावं लागतं ते मी तिच्याच घरात राहून पाहिलं.

मी खडेबाजारातली, बेळगावची. ट्रेनिंग संपताच निपाणीच्या मुलींच्या शाळेत नेमणूक झाली आणि राजाक्का मगदूमच्या घरात एक खोली भाड्यानं मिळाली. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरामागं तंबाखूची वखार होती आणि तिचा सगळा कारभार राजाक्का बघायची. पान नाकाशी नुसतं धरून ते कुठल्या शिवारातलं ते सांगायची. व्यापाऱ्यांशी कानडीत भांडायची, हमालांशी मराठीत, आणि देवाशी बहुतेक दोन्ही भाषांत. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की वखारीतून हाक मारली तर माझ्या वर्गातल्या पोरी पाटीवरनं मान वर करायच्या.

एवढ्या आवाजाची ही बाई एका माणसाशी मात्र चकार शब्द बोलायची नाही. ते म्हणजे तिचे थोरले दीर, देवाप्पाअण्णा. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. पण दोघं एकाच घरात, धंदा एकच, आणि दोघंही हट्टी. बोलल्याशिवाय चालणार कसं? म्हणून राजाक्कानं सोप्यातल्या लाकडी खांबाला मध्ये घातलं होतं. अण्णा झोपाळ्यावर बसलेले असायचे, ही आतल्या उंबऱ्यात. "खांबा," ती म्हणायची, "सांग त्यांस्नी, चिकोडीचा माल अजून आला न्हाय." अण्णा खाकरायचे आणि समोरच्या भिंतीकडं बघून म्हणायचे, "येईल उद्यापतोर." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढं पुढं तो खांब मला घरातलाच कुणी वडीलधारा वाटायला लागला.

मूकपटांचे दिवस होते. गावात पत्र्याचं एक थेटर होतं आणि बाजाराच्या दिवशी दुपारी तिथं फक्त बायकांचा खेळ असायचा. पडद्याशेजारी एक पेटीवाला आणि एक तबलजी पाठ करून बसायचे. मुख्य चित्रपटाच्या आधी एखादं लहानसं, चितारलेलं, हलतं विनोदी चित्र दाखवत. विलायतेहून आलेलं. त्यात मधेच इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या. त्या वाचायला शाळेतल्या बाई बऱ्या, असं म्हणून गल्लीतल्या बायकांनी मला धरून नेलं. राजाक्काही आली. ती थेटरात कधी गेली नव्हती.

त्या चित्रात एक बोकड होतं. काळं, काटकुळं, हनुवटीला दाढी. आणि एक बुटका, मोठ्या मिश्यांचा खाटीक. खाटीक सुरीला धार लावतो, बोकड आपली दाढी उपटून तिनं अंगण झाडायला लागतं. खाटीक धावतो, बोकड आपलं शिंग काढून तुतारीसारखं फुंकतं आणि परत डोक्यावर बसवतं. बायका खिदळत होत्या. मग त्या खाटकानं रस्ते दाबायचं वाफेचं इंजिन आणलं आणि ते सरळ बोकडाच्या अंगावरनं नेलं. बोकड जमिनीला चिकटलं, आंबोळीसारखं सपाट. सगळं थेटर चूप झालं.

त्या शांततेत माझ्या शेजारी राजाक्का उठून उभी राहिली. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आणि तिनं खणखणीत आवाजात णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. मरणाऱ्या जिवाच्या कानी णमोकार पडावा, मग तो माणूस असो की मुंगी, हे तिच्या रक्तात होतं. पेटीवाल्यानं गोंधळून पेटी थांबवली. मी तिचं लुगडं ओढत होते, "अहो आक्का, चित्र आहे ते!" पण तिचं लक्ष नव्हतं.

इकडं पडद्यावर बोकडानं आपला एक कोपरा उचलला, मग दुसरा. स्वतःला जमिनीवरनं सोलून काढलं, अंग झटकलं, शिंगं चाचपली आणि खाटकाकडं बघून जीभ बाहेर काढली. बायकांचा गलका ऐकून राजाक्कानं डोळे उघडले. मंत्र अर्ध्यावर राहिला.

"उठलं?" ती म्हणाली. "अगं बाई, उठलं की!"

आणि ती हसली. इतकी वर्षं मी माणसं हसताना पाहिली, पण तसं हसणं परत पाहिलं नाही. आधी पोट हललं, मग खांदे, मग बाकडं. आवाज सगळ्यात शेवटी आला. हसता हसता ती रडली आणि रडता रडता म्हणाली, "ह्येला मरण न्हाय गं, बाई! ह्येला मरणच न्हाय!"

झालं. त्या दिवसापासून बाजाराच्या दुपारी वखारीला कुलूप. थेटरचे मालक गोपाळराव मोठे चाणाक्ष. बोकडाचं नवं रीळ आलं की ते आधी राजाक्काला निरोप धाडायचे, कारण ती आली की तिच्यामागं अख्खी गल्ली यायची. ती फक्त बोकड बघायची आणि मुख्य चित्रपट सुरू झाला की उठायची. "त्यात खरी माणसं एकमेकांस्नी मारत्यात. ते कशाला बघायचं?" आणि दिवस मावळायच्या आत तिचं जेवण व्हायला हवं असायचं, ते वेगळंच.

इंग्रजी पाट्या वाचायचं माझं काम तिनं पहिल्याच महिन्यात काढून घेतलं. "तू वाचू नगंस. मला कळतंय बोकड काय म्हणतंय ते." आणि खरंच, ती बोकडाच्या तोंडी शब्द घालायची. खाटीक मागनं आला की अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं ओरडायची, "ओडो, ओडो!" पळ म्हणायचं ते कानडीत, कारण तिच्या मते घाईच्या वेळी कानडीच उपयोगी पडते. बाकीचं मराठीत. बोकड खाटकाला म्हणायचं, "मामा, सुरी बोथट हाय, आमच्या आक्कांच्या वखारीत जाऊन धार लावून या." मग पाठीमागच्या बायका खाटकाच्या बाजूनं उत्तर द्यायच्या. पाट्यांवर जे लिहिलेलं असे ते मी मनात वाचायचे, आणि दर वेळी आक्काचंच सरस निघायचं. ते चित्र मुकं होतं म्हणून आमचं होतं. त्यात बोलायला आम्हाला जागा होती. उभ्या आठवड्यात त्यातल्या कितीतरी बायकांना मोठ्यानं बोलायची तेवढीच एक जागा होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

देवाप्पाअण्णांना हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. बस्तीतले ते जाणते माणूस. एका संध्याकाळी झोपाळा थांबवून ते भिंतीला म्हणाले, "जुन्या कथेत एका राजानं पिठाचा कोंबडा कापला. खरा न्हाय, पिठाचा. तरी त्येला जन्मोजन्म भोगावं लागलं. मग शाईच्या बोकडावर सुरी चालताना बघून हसायचं, ह्ये कुठल्या धर्मात बसतंय?"

मी उंबऱ्याशी वह्या तपासत होते. मला वाटलं, आता आक्का निरुत्तर. शास्त्रातलंच उदाहरण होतं.

राजाक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. "खांबा, सांग त्यांस्नी. राजाच्या मनात मारायचं हुतं, म्हणून त्येला पाप लागलं. माझ्या मनात बोकड वाचायचं असतंय. आणि मी बोकडाला हसत न्हाय. मारणाऱ्याला हसतो. एवढी सुरी, एवढं इंजिन, आणि एक बोकड मरंना त्याच्या हातनं!"

अण्णांनी झोपाळ्याला पायानं रेटा दिला. मग भिंतीला एवढंच म्हणाले, "वकिली शिकायला पायजे हुती." तो राग होता की कौतुक, ते भिंतीलाच ठाऊक.

पण शास्त्रात जिंकलेली राजाक्का हरली ती स्वतःच्या जिभेपायी. पुढच्या आषाढात बस्तीत नेम घ्यायचा दिवस आला. मी बाहेरच्या मंडपात बसून बघत होते. पंडितजींसमोर एकेक बाई येऊन काय सोडलं ते सांगत होती. राजाक्का पुढं झाली. "मी गूळ सोडला." गूळ तिला आवडायचा, त्यात खोटं काही नव्हतं. ती वळणार एवढ्यात मागनं आवाज आला. जिच्या दोडक्याची तिनं वर्षामागं वर्ष थट्टा केली होती त्या तायाक्काचा.

"आक्का, सगळ्यात जास्ती गूळच आवडतो का गं तुला?"

राजाक्का देवासमोर उभी होती. तिनं एकदा वर मूर्तीकडं पाहिलं. गूळच म्हणाली असती तर कोण काय करणार होतं? पण ती राजाक्का होती.

"न्हाय," ती म्हणाली. "सगळ्यात जास्ती मला बोकड आवडतंय."

पंडितजी म्हैसुराकडचे, गावाला नवे. मगदुमांच्या घरची बाई बस्तीत उभी राहून बोकड आवडतं म्हणते! त्यांच्या हातातली माळ थांबली, चेहरा पांढराफटक पडला. शेवटी पुरुषांच्या बाजूला बसलेल्या देवाप्पाअण्णांना उठावं लागलं. ज्या गोष्टीचा त्यांना एवढा तिटकारा तिचीच बाजू मांडत ते हात जोडून म्हणाले, "तसं न्हाय, महाराज. पडद्यावरचं हाय ते. चितारलेलं. ते... मरत न्हाय." सगळी बस्ती हसत होती. राजाक्का हसली नाही. तिनं हात जोडले आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बोकड सोडलं.

तो पावसाळा तिला जड गेला. बाजाराच्या दुपारी बायका थेटरातनं परतताना तिच्या दारावरनं जायच्या आणि बोकडानं आज काय केलं ते सांगायला धडपडायच्या. "आक्का, आज त्येनं काय केलं म्हणशीला, खाटकाच्या मिशीला..." की राजाक्का दोन्ही हात कानांवर गच्च दाबून धरायची. "सांगू नगा गं! ऐकलं तरी नेम मोडतो!" डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. पण खांदे हलत असायचे. मनातल्या मनात मिशीचं पुढं काय झालं असेल ते ती जुळवत असायची.

मी सुट्टीत बेळगावला बोलपट पाहून आले होते, पण तिला बोलले नव्हते. ती बातमी भादव्यात गोपाळराव स्वतःच घेऊन आले. सोप्यात टेकले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आक्का, आमचं मशीन काढतोय. बोलपटाचं नवीन येतंय. मुकी रिळं सगळी परत जाणार. बोकडाचं एक नवं आलंय, ते ह्या बाजाराला लावतो. ते शेवटचं. त्यानंतर मुकं बोकड निपाणीत दिसायचं न्हाय."

मलाच राहवेना. "आक्का, एक दिवस जा. नंतर एक उपास जास्तीचा करा. कुणी नावं ठेवणार नाही." तिनं नुसती मान हलवली. तेव्हा झोपाळ्यावरनं अण्णा खाकरले. भिंतीकडं तोंड करून, पण नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "नेमाला प्रायश्चित्त असतंय. शास्त्रात हाय." तेच देवाप्पाअण्णा, पिठाच्या कोंबड्याचे. मला भरून आलं.

राजाक्कानं खांबावर हात ठेवला.

"खांबा, सांग त्यांस्नी. बोकडावरनं इंजिन गेलं तरी ते उठतंय. ते चित्रात हाय म्हणून. माझा नेम चित्रातला न्हाय. त्यो मेला की उठायचा न्हाय."

त्या बाजाराच्या दुपारी मी थेटरात गेले नाही. मन झालं नाही. राजाक्का वखारीत पानं निवडत बसली होती, मी तिच्याजवळ वह्या घेऊन. थेटर काही लांब नव्हतं. मध्येच वाऱ्याबरोबर बायकांचं हसणं आलं, पत्र्याखालनं आलेलं, एकदम मोठं. शेवटचं बोकड उठलं असणार. राजाक्कानं हातातलं पान टाकलं आणि दोन्ही हात कानांवर दाबले. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. माझ्याही गळत होतं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली बेळगावला झाली. राजाक्काची आणि माझी गाठ नंतरही अधूनमधून पडायची. कधी कडोलीकडं नातेवाइकांना भेटायला आली की ती वाट वाकडी करून खडेबाजारात यायची. पण आठवण निघाली की ती मला बदलीआधीच्या त्या कार्तिकातल्या दुपारचीच दिसते.

पौर्णिमा झाली, नेम सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा झोपाळ्यावरनं उठले, सोप्याच्या मधोमध आले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी खांबाला हाक मारली.

"खांबा," ते म्हणाले, "थेटरात बोकड आलंय म्हणं. बोलतंय ते आता. बाजाराला वखार मी बघतो, म्हणून सांग." आणि मागं न बघता चपला घालून निघून गेले. राजाक्कानं कमरेची वखारीची किल्ली काढली आणि खांबाच्या पायाशी ठेवली.

त्या बाजाराच्या दुपारी थेटरात पेटीवाला नव्हता, तबलजी नव्हता. पडद्यामागं मोठा भोंगा होता. बोकड आलं, तेच काळं, काटकुळं, दाढीवालं. बायकांनी नेहमीसारखा गलका केला आणि एवढ्यात त्या भोंग्यातनं विलायती बाजा असा काही वाजला की सगळ्यांची तोंडं मिटली. बोकड गायला लागलं, इंग्रजीत. मागं कुणी बोललं तर दारावरचा नवा माणूस ओरडला, "गप बसा, ऐकू येत न्हाय!" त्या थेटरात गप बसा म्हणून त्याआधी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"काय म्हणतंय ते?" राजाक्कानं मला विचारलं.

"म्हणतंय, आज हवा छान आहे, चला नाचू या."

"असं म्हणतंय?" तिचा चेहरा पडला. "आमचं बोकड असलं बोलत न्हाय."

ती मागं टेकून बसली. चार महिने जीव कळवळेपर्यंत सोडलं होतं ते हे नव्हे. मला वाटलं, आता उठेल आणि परत कधी यायची नाही. पडद्यावर खाटीक इंजिन घेऊन आला. भोंग्यात इंजिनाची घरघर, बाजाचा कल्लोळ, काही विचारू नका.

आणि राजाक्कानं दोन्ही हात उचलले आणि कानांवर गच्च दाबून धरले. चातुर्मासभर धरले होते तसेच. डोळे मात्र या वेळी टक्क उघडे, पडद्यावर. बोकड मुकं झालं. निदान तिच्यापुरतं झालं. इंजिन जवळ आलं तशी ती बाकावर पुढं सरकली, आणि त्या सगळ्या विलायती बाजावर चढून तिचा आवाज आला.

"ओडो! ओडो रं, माझ्या राजा!"

दारावरचा माणूस काही ओरडला. तिला ऐकू जायचं कारण नव्हतं. पुढच्या बाकावर तायाक्कानं मागं वळून पाहिलं आणि आपले हात कानांवर नेले. मग तिच्या शेजारणीनं. मग एकेक करत पुऱ्या रांगेनं. इंजिन बोकडावरनं गेलं. बोकड सपाट झालं. राजाक्का वाट बघत होती, कान झाकून, तोंड उघडं, श्वास रोखून, जणू या वेळी ते उठतं की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं. मग बोकडाचा एक कोपरा हलला, आणि तिचं पोट हललं, मग खांदे, मग बाकडं. कान झाकायला मीही हात उचलले होते, पण तिचं हसणं नीट ऐकू यावं म्हणून ते खाली घेतले.